त्सापारंगचीं छायाचित्रें : पुरावा कोणता, टीका कोणती ?

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. सह्याद्रींतील बौद्ध लेणीं व तेथें आज येणारे उपासक यांचीं छायाचित्रें स्वतःच्या खर्चानें घ्यावीं, असा त्याचा संकल्प आहे. असें काम पूर्वीं कोणीं कसें केलें हें पाहण्यासाठीं त्यानें ‘तिबेट इन पिक्चर्स’ (१९७९) या ग्रंथाचे दोन्ही भाग मिळविले होते. ते तो आमच्यापाशीं ठेवून गेला. पोथ्यांची परीक्षा करणाऱ्या मंडळींस त्यांतील प्रश्न परका वाटणार नाहीं, म्हणून आमचें मत येथें नमूद करतों.

छायाचित्रें मुख्यतः ली गोतमी यांचीं. या मुंबईच्या पारशी कुटुंबांतील, पूर्वाश्रमीच्या रत्ती पेटिट. चित्रकलेचें शिक्षण शांतिनिकेतनांत झालेलें. पति लामा अनागारिक गोविंद हे जन्मानें जर्मन. इ. स. १९४८ मध्यें हीं उभयतां पश्चिम तिबेटांत सतलजेच्या खोऱ्यांतील त्सापारंग येथें पोहोंचलीं. गुगे राज्याची ही जुनी राजधानी. आंद्रादे नांवाचा जेसुइट पाद्री १६२४ त येथें आला होता (तो पुढें १६३४ त गोव्यांत वारला). १६३० त लडाखच्या राजानें गुगे जिंकलें व पुढें हें नगर ओस पडलें. अशा ओसाड जागीं, शाई गोठविणाऱ्या थंडींत, या बाईंनीं भिंतींवरील चित्रांच्या रेषा कागदावर उतरविल्या आणि मूर्तींचीं छायाचित्रें घेतलीं. या चिकाटीपुढें आमच्यासारख्या घरांत बसून पाठ ठरविणारानें नमूनच बोललें पाहिजे.

त्या कामाचें मोल त्यांच्या नंतर वाढलें. १९६६ ते १९७६ या चिनी सांस्कृतिक क्रांतीच्या दशकांत तांबड्या व पांढऱ्या मंदिरांतील मूर्तींचा विध्वंस झाला. भिंतींवरील चित्रें पुष्कळ अंशीं वांचलीं. म्हणजे चित्रांची मूळ पोथी अजून जाग्यावर आहे, मूर्तींची मूळ पोथी गेली, व तिच्या नकला तेवढ्या उरल्या. सुदैवानें नक्कल एकच नाहीं. इटलीचे पंडित तुच्ची १९३३ त येथें आले, तेव्हां त्यांच्याबरोबर असलेल्या गेर्सी या आरमारी डॉक्टरानेंही छायाचित्रें घेतलीं होतीं. दोन हातांच्या, एकमेकींवरून न उतरविलेल्या, पंधरा वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या दोन प्रती हातीं आल्या असतां शोधक काय करील ? त्या शेजारीं शेजारीं मांडील. एकींत असलेली वस्तु दुसरींत नसेल, तर ती पडली, हलविली गेली, कीं केवळ चौकटीबाहेर राहिली, याचा निकाल लावील. हें काम संशोधकानेंच केलें पाहिजे. यात्रेकरूच्या ग्रंथाकडून त्याची अपेक्षा करणें न्याय्य नव्हे. तुच्चींनीं तिबेटांतून हस्तलिखितेंही पुष्कळ नेलीं, याचा उल्लेख करतांना आमच्या संग्राहक मित्रांकडे आम्ही मुद्दाम पाहत नाहीं.

आमचा खरा आक्षेप काळाविषयीं आहे. गोविंदांच्या मतें हीं मंदिरें लोचाव रिंचेन झांगपो (९५८–१०५५) याच्या वेळचीं. या भाषांतरकाराचें नांव संस्कृतांत रत्नभद्र असें होतें. काश्मिरांत जाऊन विद्या संपादणारा व बौद्ध ग्रंथ तिबेटींत आणणारा हा पुरुष, तेव्हां त्याच्याशीं नातें जोडण्याचा मोह संस्कृतज्ञास आम्हांइतकाच होणार. परंतु अलीकडील अभ्यासक हीं दोन मंदिरें पंधराव्या–सोळाव्या शतकांत घालतात. चारपांचशें वर्षांची ही तफावत आहे ! तरी त्यामुळें एकही छायाचित्र खोटें ठरत नाहीं. चूक आहे ती टीकेंत, मूळांत नव्हे. पोथीच्या समासांत कोणी भाविकानें लिहिलेला शक आपण पुष्पिकेंतील शकाइतका मानीत नाहीं. तोच न्याय येथें.

छायाचित्र तरी निर्दोष असतें काय ? कृष्णधवल चित्रांत तांबडा व हिरवा हे रंग एकाच करड्या छटेंत मिसळतात, आणि ज्या संप्रदायांत देवतेची ओळख वर्णावरून पटते, तेथें ही उणीव लहान नव्हे. म्हणूनच चित्रकर्तीच्या हातची रेषा आणि कॅमेऱ्याची छाया हीं दोन साधनें जोडीनें आलीं, हें ग्रंथाचें मोठें बळ होय. आम्ही स्वतः एकदां एका लेण्यांतील ब्राह्मी लेख केवळ छायाचित्रावरून वाचला व एका शब्दावर अनुस्वार दिला. पुढें जाग्यावर जाऊन बोट फिरविलें, तों अनुस्वार नव्हेच. दगडाला पडलेला खळगा! प्रकाश समोरून होता, त्यामुळें खळगा व टिंब यांत भेद राहिला नव्हता.

विद्यार्थ्यास आम्हीं लिहून कळविलें आहे कीं, प्रत्येक चित्रामागें लेण्याचा क्रमांक, दिवस, प्रहर, चित्र घेतांना तोंड कोणत्या दिशेस होतें ती दिशा, आणि मोजपट्टी होती कीं नाहीं, एवढें त्याच दिवशीं टिपावें. काळ, देवतेचें नांव व स्वतःचा भक्तिभाव निराळ्या वहींत, निराळ्या शाईनें. एकाच लेखाचीं सकाळचीं व मावळतीचीं अशीं दोन चित्रें घ्यावीं. उपासकांचीं चित्रें त्यांस विचारून घ्यावीं, व त्यांनीं मूर्तीस जें नांव दिलें तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें, मग तें आपल्या ग्रंथाशीं जुळो वा न जुळो. पत्राचें उत्तर अद्याप नाहीं. ग्रंथाचे दोन्ही भाग मात्र आमच्याकडेच आहेत.