लाल फुलीखालचे मूग

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही पाहिलेला हा प्रसंग. प्रशिक्षणाहून परतलेल्या बाईंनी मुलांकडून दोन वाट्यांत ओल्या कापसावर मूग पेरून घेतले. एक वाटी खिडकीत ठेवली, दुसरी बंद कपाटात. आठवड्याने पाहतात तो कपाटातली रोपेच अधिक उंच. मात्र पिवळी आणि लुळी. एका मुलीने वहीत लिहिले, 'अंधारात रोप जास्त उंच होते.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल फुली मारली. वाढीला सूर्यप्रकाश लागतो, असे पुस्तक सांगते ना!

मुलीचे निरीक्षण अचूक होते. अंधारातले रोप बीजपत्रांतील साठवलेल्या अन्नावर खोड भराभर लांबवते. उजेडाअभावी हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून ते पिवळे दिसते. साठा संपला की मरते. मग उंच होणे म्हणजेच वाढणे का? पानांची संख्या, रंग, वाळवल्यावरचे वजन यांचे काय? केवढा सुंदर पाठ झाला असता!

बाई गप्प राहिल्या. प्रशिक्षणात प्रयोगाची कृती सांगितली होती. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर काय करावे, यावर चर्चा नव्हती. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला उतरणाऱ्या प्रशिक्षणात कृती तेवढी पोचते, शंका वाटेतच गळतात. तपासणीत तर टाचण, हजेरीपट आणि वह्या मोजल्या जातात. शिक्षक अखेर कोणाचे ऐकणार? जो शेरा लिहितो त्याचे.

दोष एका साहेबांचा नाही. प्रशासन आणि शैक्षणिक पर्यवेक्षण वेगळे ठेवावे, असे कोठारी आयोगाने (1964–66) सुचवले होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. पण तास वाढवून भागणार नाही. प्रशिक्षणात जे शिकवले तेच तपासणीत पाहिले जावे. अधिकाऱ्यांनी एक पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसावे, मुलांनी विचारलेले प्रश्न टिपावेत आणि नंतर शिक्षकांशी बोलावे.

शिक्षकमित्रहो, तोवर एवढे तरी करूया. तपासणीच्या दिवशी वाट्या कपाटात लपवू नका. दोन्ही टेबलावर ठेवा. साहेबांनी विचारले, तर उत्तर मुलांना देऊ द्या.