मानीव नफा

कंपनी-करासंबंधीच्या भारतीय चर्चेत ‘शून्य-कर कंपनी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो जितका परिणामकारक तितकाच दिशाभूल करणारा आहे. भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या कंपन्या प्राप्तिकर मात्र भरीत नाहीत, हा मूळ आक्षेप. त्यावर उपाय म्हणून 1987 च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात 115 जे हे कलम घातले. करपात्र उत्पन्न पुस्तकी नफ्याच्या 30 टक्क्यांहून कमी भरल्यास ते 30 टक्केच आहे असे मानावे, अशी ही तरतूद होती.

वस्तुतः ‘नफा’ या एकाच शब्दाखाली येथे दोन निरनिराळ्या राशी नांदतात. उदाहरणार्थ, 100 रुपयांचे यंत्र घ्यावे. कंपनीच्या हिशेबात त्याचा घसारा समान हप्त्यांनी दरसाल 10 रुपये धरला, आणि करासाठी उरलेल्या किमतीवर 25 टक्के धरला, तर कराचा घसारा पहिल्या वर्षी 25 व दुसऱ्या वर्षी 18.75 रुपये होतो. घसाऱ्यापूर्वीची मिळकत 25 रुपये असल्यास पहिल्या वर्षी भागधारकास 15 रुपये नफा दिसतो, कर-अधिकाऱ्यास शून्य. यात लबाडी कोठेही नाही. पाचव्या वर्षी कराचा घसारा 8 रुपयांच्याही खाली उतरतो, पुस्तकी घसारा 10 च राहतो. पुढे ढकललेला कर आता परत येऊ लागतो. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात शासनाने उद्योगास समजून-उमजून दिलेले हे बिनव्याजी कर्जच होय. सतत नवी यंत्रे घेणाऱ्या कंपनीची परतफेड लांबत जाते हे खरे. पण यंत्रे घ्यावीत हाच तर त्या सवलतीचा हेतू होता!

115 जे खाली भरलेल्या कराची पुढील वर्षांत वजावट मिळत नसे. त्यामुळे केवळ कालभेद असलेली गोष्ट कायमचा बोजा ठरली. हे कलम लवकरच मागे घेतले गेले, 1996 साली 115 जेए या रूपाने परतले, आणि वजावटीची सोय 1997 च्या अधिनियमाने झाली.

याहून गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. कंपनी कायद्यानुसार तयार झालेल्या व प्रमाणित हिशेबातील नफ्याची फेरमांडणी निर्धारण अधिकाऱ्याने करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अपोलो टायर्सच्या खटल्यात दिला. कायद्याच्या मजकुराशी तो सुसंगतच आहे, दोष मजकुराचा. ‘मानावे’ ही आज्ञा संसदेची, परंतु काय मानावे हे बव्हंशी कंपनीच्या हिशेबनिसाने ठरवावयाचे.

2019 साली सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांना 22 टक्क्यांचा दर देताना किमान करातूनही वगळण्यात आले. नेहमीचा घसारा त्यांनाही मिळत राहिला. म्हणजे 1987 साली ज्या अंतरावर आक्षेप होता, ते अंतर या गटापुरते कायद्याने पुन्हा स्वीकारले.