व्हिडिओ पुरतो का? लिनक्स शिकताना मॅन पेज का उघडायचं

पीएचडीच्या आधी लिनक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं जालन्यातले ज्युनियर्स विचारतात. मी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल सांगतो. साधारण दहा मिनिटांचा पाठ, आवाज मराठीत. अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्यावर आपलं टर्मिनल. काळ्या स्क्रीनची भीती जाते, हे मोठं काम आहे.

पण उणीवही तिथेच आहे. रेकॉर्डिंगच्या वेळचं व्हर्जन पाठात तसंच राहतं, आणि कमांड ठरलेल्या क्रमानेच येतात. तुमच्याकडे वेगळा एरर आला की व्हिडिओ गप्प!

तिथे मॅन पेज लागतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलपासूनची ही परंपरा. भाषा रूक्ष, इंग्रजी, उदाहरणं कमी. नवखा माणूस पहिल्याच परिच्छेदात अडकतो, हा दोष खराच. पण पान सहसा तुमच्याच मशीनवरच्या व्हर्जनचं असतं, आणि नेट नसतानाही उघडतं. फक्त विभाग कळायला हवेत: 'मॅन क्रॉनटॅब' कमांड समजावतं, 'मॅन ५ क्रॉनटॅब' त्या फाइलची रचना.

म्हणून माझं मत: व्हिडिओ बघा, मग त्यातल्या प्रत्येक कमांडचं मॅन पेज उघडा. तरीही अडलात तर मदत मागताना कमांड, पूर्ण एरर आणि व्हर्जन लिहा. व्हिडिओ पाहून कमांड चालेल हो, पण ती का चालली, हे व्हायव्हात तुम्हालाच सांगायचंय.