एरिक्सन यांची सातवी अवस्था आणि ‘गांधीज ट्रुथ’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ (१९५०) या ग्रंथात मानवी जीवनाच्या आठ मनोसामाजिक अवस्था मांडल्या. अध्यापनात हा सिद्धान्त बहुधा वयोगटांच्या तक्त्यापुरता उरतो. त्याची खरी कसोटी एरिक्सन यांच्याच ‘गांधीज ट्रुथ’ (१९६९) या अभ्यासात पाहावयास मिळते.

विवेचन :
अहमदाबादचा १९१८ मधील गिरणी संप हा या ग्रंथाचा केंद्रबिंदू आहे. कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीची होती. मालक २० टक्क्यांवर अडून होते. मालकपक्षाचे नेतृत्व अंबालाल साराभाई यांच्याकडे होते, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूस उभ्या होत्या. गांधीजींचे वय तेव्हा ४८ वर्षे, म्हणजे सातव्या अवस्थेतील होते. या अवस्थेसाठी ‘उत्पादकता’ हा प्रतिशब्द अपुरा वाटतो. कारण पुढील पिढी घडविण्याची व जपण्याची आस्था एरिक्सन यांना येथे अभिप्रेत आहे. कामगारांचा डळमळता निर्धार सावरण्यासाठी गांधीजींनी केलेले उपोषण हा या आस्थेचा सार्वजनिक आविष्कार म्हणता येईल.

परंतु ही आस्था घरात कितपत पोहोचली? कस्तुरबांवर अनेक निर्णय लादले गेले. औपचारिक शिक्षणाची ओढ असलेले ज्येष्ठ पुत्र हरिलाल १९११ मध्ये वडिलांपासून दूर गेले. एरिक्सन हा प्रश्न टाळत नाहीत. ग्रंथात मध्येच ते दिवंगत गांधीजींना उद्देशून पत्र लिहितात आणि निकटवर्तीयांविषयीच्या नैतिक कठोरपणात दडलेली हिंसा दाखवून देतात. हे धाडस ग्रंथाचे मोठे बळ होय. तथापि, त्यामुळे अवस्थांचा आराखडा बदलत नाही. समाजाचे पितृत्व स्वीकारणारी व्यक्ती स्वतःच्या पुत्रास दुरावते, तेव्हा तिची सातवी अवस्था सफल मानावी की विफल? शिवाय, एकाची सार्वजनिक आस्था दुसऱ्याच्या त्यागावर उभी असताना त्या दुसऱ्या व्यक्तीचे, येथे कस्तुरबांचे, जीवनचक्र कोणी मांडावयाचे? द्विध्रुवी मांडणीत या प्रश्नांना पुरेसे उत्तर मिळत नाही.

निष्कर्ष :
या मर्यादेमुळे सिद्धान्त त्याज्य ठरत नाही. मात्र अवस्थेचे यशापयश व्यक्तीपुरते न मोजता तिच्या प्रत्येक नात्यात तपासणे आवश्यक आहे. वर्गात तक्त्यासोबत हे पत्रही वाचले गेल्यास विद्यार्थ्यांस सिद्धान्त आणि जीवन यांतील अंतर अधिक स्पष्टपणे उमगेल.