गाथासप्तशतीचे भाषांतर आणि वक्त्याचे लिंग

हालाची गाथासप्तशती पदव्युत्तर वर्गात बहुधा भाषांतराच्या आधारेच शिकविली जाते. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीने ही वाट सुगम केली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि मराठी भाषांतर, ते कितीही सरस असो, एका ठिकाणी मुळाहून अधिक बोलते. प्राकृतातील ‘जाणामि’ या वर्तमानकाळी रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत मात्र ‘जाणतो’ किंवा ‘जाणते’ यांपैकी एक निवडावेच लागते. कारण मराठीचे हे रूप धातुसाधितापासून आलेले असल्याने लिंगानुसार बदलते. गाथेत तर वक्ता पुष्कळदा अनुक्त असतो. तो नायिका, सखी की पथिक, हे टीकाकारांना सांगावे लागते, आणि गाथेचा ध्वनी त्या निर्णयावर अवलंबून राहतो. भाषांतर प्रथम वाचले म्हणजे विद्यार्थ्याने सोडवावयाचा हा प्रश्न एका प्रत्ययानेच सुटून जातो. म्हणून अध्यापनाचा क्रम उलटावा. आधी मूळ गाथा वाचावी, वक्ता कोण हे वर्गाला विचारावे, आणि मगच भाषांतर उघडावे. तेव्हा ते भाषांतरकाराचे मत म्हणून वाचले जाईल, आणि त्याच्याशी मतभेदही करता येईल.