मॉलीचा आकडा कितपत खरा मानायचा?

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "निरोगी हृदयस्नायूचा टी-वन एका पेपरमध्ये ९५० मिलिसेकंदांच्या आसपास आहे, दुसऱ्यात ११५०च्या. चुंबक दोन्हीकडे १.५ टेस्लाचंच. चूक कोणाची?" पहिल्या वर्षी मी असेच दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडले होते आणि वर फायब्रोसिसची गोष्टही रचली होती. गाईडने एकच विचारलं: "पद्धत कोणती?" एक मॉली होती, दुसरी साशा. संपली गोष्ट.

मॉली २००४ची, मेसरोग्ली आणि सहकाऱ्यांची. आधी तिचं कौतुक, कारण कल्पना खरंच सुंदर आहे. चुंबकत्व उलटं करायचं आणि ते पूर्ववत होताना फोटो काढत राहायचं, ही जुनी लूक-लॉकर पद्धत. पण हृदय हलतं, त्यामुळे प्रत्येक फोटो वेगळ्या अवस्थेतला यायचा. मॉलीने दर ठोक्याला एकदाच, डायस्टोलमध्ये फोटो घेतला आणि वेगवेगळ्या वेळांना सुरू झालेले तीन प्रयोग एकत्र गुंफले. १७ ठोके, ११ प्रतिमा, एकच श्वास रोखून. पिक्सेलनिहाय नकाशा त्यामुळेच शक्य झाला.

आता तक्रार. फोटो काढताना आपण चुंबकत्वाला धक्का देतोच, म्हणून मोजलेला टी-वन खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तो दुरुस्त करायला मॉली जे सूत्र वापरते, ते लहान कोनाच्या, सलग चालणाऱ्या ग्रेडियंट एको स्पंदांसाठी काढलेलं आहे. मॉलीत मात्र रीडआउट बॅलन्स्ड एसएसएफपीचं, तेही ठोक्याला एकदाच. म्हणजे शर्ट दुसऱ्याच्या मापाचा. बऱ्यापैकी बसतो हे आपलं नशीब! उरलेल्या फरकात टी-टूचा वाटा आहे, मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फरचा तर बराच मोठा.

नाडीचं गणित स्वतः करून बघा. दोन प्रयोगांमध्ये तीन ठोक्यांची विश्रांती असते. नाडी ६० असेल तर ३ सेकंद, १०० असेल तर १.८. टी-वन १००० मिलिसेकंद आणि सुरुवात शून्यातून धरली, तर चुंबकत्व पहिल्यात ९५ टक्के परत येतं, दुसऱ्यात जेमतेम ८३. धडधडत्या हृदयाचा पेशंट आला की आकडा आपोआप खाली सरकतो, आजार असो वा नसो. म्हणूनच पुढे विश्रांती ठोक्यांऐवजी सेकंदांत मोजणारे प्रकार आले.

मग साशाच वापरावी का? ती दर फोटोआधी चुंबकत्व शून्यावर आणते, त्यामुळे मागचा हिशोब उरत नाही आणि आकडा खऱ्याच्या जास्त जवळ जातो. पण सिग्नलचा आवाका निम्मा, नकाशा खरबरीत. सूज किंवा अमायलॉइडमुळे टी-वन वाढलाय का, एवढंच बघायचं असेल तर मला मॉलीचा नेमाने चुकणारा पण स्थिर आकडा जास्त उपयोगी वाटतो. फक्त सामान्य मर्यादा त्याच स्कॅनरवर, त्याच पद्धतीने काढलेली हवी. पेपरमधून उचललेली चालत नाही.

आणि हो, "फँटमवर तपासलंय" या वाक्यापाशी जरा थांबा. फँटममध्ये नुसतं निकेल क्लोराइडचं द्रावण असेल, तर तिथे मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फर नसतंच. हृदयात असतं.