आठवणीला हटकणारा आवाज

मंडळी, आत्मचरित्र वाचताना आपण एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोण काय बोललं, भिंतीचा रंग कुठला होता, हे लेखकाला जसंच्या तसं आठवतंय. खरंच आठवतं का हो? आपलंच बालपण आठवून बघू.

नाताली सारोत यांनी ही शंका थेट पुस्तकात आणून बसवली. 'आँफांस', म्हणजे 'बालपण', १९८३ साली आलं तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. जन्म १९०० चा, रशियातला. आईवडील विभक्त, लहानपण रशिया आणि पॅरिस यांत वाटलं गेलेलं. सर्वज्ञ निवेदकाविषयी, घडीव पात्रांविषयी संशय घेण्यात हयात गेलेली ही लेखिका आठवणी सांगायला बसते, तेव्हा समोर दुसरा आवाज येऊन बसतो. तोही तिचाच. सुरुवातीलाच तो विचारतो, हे असलं तू खरंच करणार?

हा आवाज नुसता सरकारी वकील नाही. एका जागी वर्णनात पाखरांची किलबिल येते, कबुतरांचं घुमणं येतं, आणि तो चिमटा काढतो: मोह आवरला नाही ना? पण लक्झेंबर्ग बागेतल्या प्रसंगात बघा. मूल बाकावर बसलंय, अँडरसनच्या गोष्टींतला एक भाग ऐकून झालाय, झाडं फुललीत, आणि एकदम काहीतरी भरून येतं. त्याला म्हणायचं काय? 'सुख' हा शब्द चालत नाही, त्याहून भारदस्त शब्दही नाही. एकेक शब्द हातात घेऊन खाली ठेवला जातो आणि शेवटी साधा 'आनंद' उरतो. आमच्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. क्षण त्या मुलीचा, शब्द म्हातारपणीचा. आणि सारोत ही फट बुजवत नाहीत.

आता एक आपल्या भाषेची अडचण. फ्रेंचमध्ये हा दुसरा आवाज पुरुष आहे हे एखाद-दुसऱ्या विशेषणाच्या रूपावरून कळतं, तेही नकळत. मराठीत 'तू सांगतोस' की 'तू सांगतेस', हे वाक्यावाक्याला ठरवावं लागेल. जे तिथे कुजबुजल्यासारखं आहे ते इथे ओरडून सांगितल्यासारखं होईल. भाषांतर करू पाहणाऱ्याने आधी यावर रात्री घालवाव्यात!

जॉर्ज पेरेकचं 'डब्ल्यू, अर्थात बालपणीची आठवण' १९७५ चं. त्याची गोष्ट वेगळी, कारण त्याला हटकायला आतला आवाज पुरत नाही. वडील १९४० मध्ये युद्धात गेले, आईला १९४३ मध्ये आउशवित्झला नेलं. एका बाजूला खेळांच्या स्पर्धांवर चालणाऱ्या बेटाची कल्पित कथा, जी हळूहळू छळछावणी होत जाते. दुसऱ्या बाजूला तुटपुंज्या आठवणी आणि त्यांना खोडणाऱ्या टीपा. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावर आईने निरोप दिला, चार्ली चॅप्लिनचं चित्रमासिक घेऊन दिलं, आणि आपला हात झोळीत होता, असं त्याला आठवतं. आत्या ठाम सांगते, हात झोळीत नव्हताच. आईची ती शेवटची भेट. पेरेक दोन्ही छापतो, झोळीतला हातही आणि आत्याचं 'नाही'ही.